बिघडलेल्या आट्यांचा इतिहास

ज्याच्या बोलण्याला धरबंध उरलेला नाहीं अशा माणसाविषयीं आपण सहज म्हणतों कीं, त्याच्या डोक्याचे आटे ढिले झाले आहेत. हा वाक्प्रचार जितका लोकप्रिय आहे तितकी आट्याची ओळख मात्र लोकांना नाहीं. बोल्टाच्या अंगावर आणि नटाच्या पोटांत जी मळसूत्री खोबण कोरलेली असते, तिच्या एकेका वेढ्याला आटा म्हणतात. उभा डोंगर एकदम चढवत नाहीं म्हणून आपण त्याच्याभोंवतीं वळसे घेत जाणारा घाट बांधतों. आटा म्हणजे लोखंडाच्या कांबीवर कोरलेला असाच एक घाट होय. नट या घाटानें फेऱ्या घालीत चढतो, आणि हाताच्या थोड्याशा जोरांतून कित्येक मणांचा दाब उत्पन्न करतो.

हा घाट इतक्या वेळां कां खचतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यांतहि मोटारीच्या बुडाशीं असलेल्या, चाकांचे धक्के सोसणाऱ्या बोल्टांपुरतेंच मी बोलणार आहें. गाडीखालीं निजून काम करणाऱ्या मिस्त्रीच्या हातून बोल्टाचे आटे गेले, कीं गाडीचा मालक त्याच्या नांवानें खडे फोडतो. कधीं तें योग्यहि असतें. पुष्कळदां मात्र त्यांत अन्याय असतो. त्या बिघाडाचा मोठा वांटा मँचेस्टर, फिलाडेल्फिया आणि झुरिच या तीन शहरांकडे जातो, आणि तो आपल्या भिवंडीपर्यंत कसा येऊन पोंचला ही कथा ऐकण्याजोगी आहे.

भिवंडी हें कामवारी नदीच्या कांठचें जुनें गांव. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवली, पुढच्याच वर्षीं ती कल्याणास गेली. परंतु भिवंडी त्या लोहमार्गाच्या एका बाजूला राहिली. त्यामुळें या गांवाचा सारा जीव रस्त्यावर, विशेषतः मुंबई-आग्रा रस्त्यावर अवलंबून राहिला. विसाव्या शतकांत येथें विजेवर चालणारे माग वाढले. मुंबईच्या गिरण्यांनीं काढून टाकलेले माग भिवंडीनें विकत घेतले आणि ते वर्षानुवर्षें चालविले. सूत यावयाचें तें लॉरींतून, आणि कापड जावयाचें तेंहि लॉरींतूनच. पुढें मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवणें व्यापाऱ्यांना सोयीचें वाटूं लागलें, आणि राहनाळ, काल्हेर, पूर्णा, वळ या खेड्यांत गुदामें उभीं राहिलीं. २०१७ सालीं ती जकात गेली. गुदामें मात्र गेलीं नाहींत. अशा गांवाच्या वेशीवर, राजनोली नाक्यापासून अंजूर फाट्यापर्यंत, गाड्या दुरुस्त करणारांचीं दुकानें असावींत हें ओघानेंच आलें. सकाळीं मागाचा झिजलेला दांडा आणि दुपारीं लॉरीचा बोल्ट, अशीं दोन्ही कामें एकाच लेथवर येण्याचीं जीं थोडीं गांवें आपल्याकडे आहेत, त्यांत भिवंडीचें नांव प्रथम घ्यावें लागेल.

लॉरीच्या बुडाची रचना थोडक्यांत सांगतों. गाडीचा सारा भार पोलादाच्या वांकविलेल्या पट्ट्यांच्या जुडीवर पेललेला असतो. या पट्ट्यांना आपले मिस्त्री पाटे म्हणतात. ही जुडी मधोमध एका लहानशा बोल्टानें ओंवलेली असते, आणि ती आंसाला घट्ट आवळून धरण्याचें काम यू-बोल्ट, म्हणजे नालेसारखे वांकविलेले व दोन्ही टोंकांना आटे असलेले बोल्ट, करतात. यू-बोल्ट सैल पडला कीं पाटे एकमेकांवर घसरूं लागतात, जो ताण आवळून धरणाऱ्या बोल्टांनीं घ्यावयाचा तो मधल्या बारीक बोल्टावर येतो, आणि एखादे दिवशीं तो तुटतो. मग आंस एका बाजूला सरकतो आणि गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालूं लागते. कसाऱ्याच्या घाटांत भरलेली लॉरी अशी चालूं लागणें म्हणजे काय, हें मीं वेगळें सांगावयास नको. लहान मोटारींतून पाटे गेले आणि वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. तरी तेथेंहि चाकाचा खुंट खालच्या दांड्याशीं एखाद-दुसऱ्याच बोल्टानें बांधलेला असतो. सारांश, या जागीं आटा हा शोभेचा नाहीं. माणसाचा जीव त्यावर टांगलेला आहे.

आतां मूळ इतिहासाकडे वळतों. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक बोल्टाचा नट त्याच्या एकट्याचाच असे. कारागीर दोन्हींवर एकच खूण करून ठेवी, कारण एकाचा नट दुसऱ्यास बसत नसे. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्सले यानें आटे पाडणाऱ्या लेथास जें अचूक रूप दिलें, त्यामुळें एकासारखा दुसरा आटा काढणें साध्य झालें. त्याच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला जोसेफ व्हिटवर्थ १८३३ सालीं मँचेस्टरास जाऊन स्वतंत्र धंदा करूं लागला. लेथ आले तरी प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीप्रमाणें आटे पाडीतच होता. व्हिटवर्थनें इंग्लंडांतील निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमविले, त्यांचीं मापें घेतलीं, आणि साऱ्यांची सरासरी काढून १८४१ सालीं लंडनच्या स्थापत्यशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढें एक निबंध वाचला. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश असावा, त्याचीं शिखरें व तळ गोलसर असावेत, आणि बोल्टाच्या प्रत्येक जाडीला इंचामागें अमुकच आटे असावेत, हा त्याचा सांगावा. नवें कांहीं शोधून काढण्यापेक्षां, असलेल्यांतून मध्यम मार्ग काढल्यामुळेंच तो सर्वांना पटला असें मला वाटतें. आगगाडीच्या कारखान्यांनीं तो उचलला आणि पाहतां पाहतां तो सर्व ब्रिटिश साम्राज्याचा आटा झाला.

मँचेस्टर हें तेव्हां लँकेशायरांतलें शहर होतें, आणि आपल्या गिरण्यांची बहुतेक यंत्रसामग्री त्याच मुलखांतून येत असे. मुंबईंतली पहिली कापडगिरणी १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं काढली. तेव्हांपासून पुढें शंभर वर्षें लँकेशायरचे माग व चात्या बोटींतून उतरत राहिल्या, आणि त्यांच्या प्रत्येक जोडांत व्हिटवर्थचा आटा होता. तेच माग जुने होऊन भिवंडींत आले. आपल्या कारागिरांनींहि इंचाशीं आपलें नातें जोडून टाकलें होतें. इंचाचे आठ भाग करून ते एकेका भागाला सूत म्हणतात. अर्ध्या इंचाचा बोल्ट तो चार सुती, पाऊण इंचाचा तो सहा सुती. ज्या गांवाचें पोट दुसऱ्याच सुतावर चालतें तेथें हा शब्द दिवसांतून किती वेळां कोणत्या अर्थानें उच्चारला जात असेल, हें ऐकण्यासारखें आहे.

परंतु अमेरिकेनें व्हिटवर्थला मान दिला नाहीं. फिलाडेल्फियाचा यंत्रकार विल्यम सेलर्स यानें १८६४ च्या एप्रिलांत तेथील फ्रँकलिन संस्थेपुढें निराळीच योजना मांडली. त्याचें म्हणणें असें कीं, ५५ अंशांचा कोन नीट मोजतां येत नाहीं, आणि गोलसर शिखर घडविण्यास कसबी कारागीर व कित्येक हत्यारें लागतात. त्यापेक्षां ६० अंशांचा सरळ कोन घ्यावा व शिखर सपाट छाटावें. साधा कामगारहि एका हत्यारानें तो आटा पाडील. १८६८ सालीं अमेरिकेच्या आरमारानें तो स्वीकारला. एकाच भाषेचीं दोन राष्ट्रें, एकच इंच, आणि आटे मात्र दोन! गंमत पुढेंच आहे. पाव इंचापासून एक इंचापर्यंतच्या नेहमींच्या जाड्यांत इंचामागें असणाऱ्या आट्यांची संख्या दोघांचीहि सारखीच राहिली; फक्त अर्ध्या इंचाला इंग्रजांचे १२ आणि अमेरिकनांचे १३. म्हणजे पांच सुती इंग्रजी बोल्टावर पांच सुती अमेरिकन नट बहुधा बिनतक्रार चढतो. त्याच्या बाजू एकमेकींना पुरत्या टेकलेल्या नसतात, केवळ एका कडेवर सारा भार असतो. पण हें पाना फिरविणाऱ्या हाताला कळत नाहीं. याउलट चार सुती नट तीनचार फेरे सुखानें जातो आणि मग अडतो. अडल्यावर लांब नळी पान्यांत अडकवून जो जोर लावतो, तो आटे कापीत जातो.

मोटार आली तेव्हां आणखी एक भेद पडला. धक्क्यांनीं जाड आटे सैल होतात, म्हणून मोटारीला बारीक आटे हवेत असें ठरलें. आट्याचा घाट जितका कमी चढणीचा, तितका नट आपोआप माघारी येण्याची भीति कमी. अमेरिकेच्या मोटार-कारखानदारांनीं १९०६ सालीं आणि इंग्लंडनें १९०८ सालीं आपापले बारीक आटे ठरविले, आणि यावेळीं संख्याहि जुळूं दिल्या नाहींत: अर्ध्या इंचाला अमेरिकेचे २०, इंग्लंडचे १६. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, आणि अमेरिकन आटे आग्रा रस्त्यावर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यानें विकून टाकलेल्या लॉऱ्या व जीप गाड्या आल्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानेंहि आरंभीं डॉज व प्लिमथ अशा अमेरिकन गाड्याच जुळविल्या.

तिसरें घराणें मीटरवाल्यांचें. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड इत्यादि देशांचे प्रतिनिधि १८९८ सालीं झुरिच येथें जमले आणि त्यांनीं मिलिमीटरांत मोजलेला, ६० अंशांचा आटा मान्य केला. आपल्याकडे त्याचा मोठा प्रवेश १९५४ सालचा. त्या वर्षीं जमशेटपूरच्या टाटांच्या कारखान्यानें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून लॉऱ्या बनविण्यास प्रारंभ केला, आणि त्याच वर्षीं कुर्ल्यास फियाट ११०० ही इटालियन मोटार तयार होऊं लागली. हिचीच पुढची पिढी म्हणजे मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. २०२३ सालीं ती रस्त्यावरून गेली. दुसरीकडे १९५५ पासून मद्रासकडच्या लेलँड लॉऱ्या इंची आट्यांच्या येत होत्या, आणि १९५७ ची ॲम्बॅसडर ही मूळची इंग्रज गाडीहि इंचाच्याच गोत्रांतली.

इंचवाल्यांचें आपसांतलें भांडण मिटविण्यास महायुद्धच लागलें. ब्रिटिश लढाऊ विमानांचें मर्लिन इंजिन अमेरिकेंत डेट्रॉइट येथें पॅकार्ड कंपनीनें बनवावयाचें ठरलें, तेव्हां त्या कंपनीला इंग्रजी आटे पाडण्याचीं हत्यारें स्वतः तयार करावीं लागलीं. लढाईच्या ऐन धुमाळींत दोन मित्रराष्ट्रांचे नट एकमेकांच्या बोल्टांवर बसूं नयेत, ही नामुष्की सर्वांच्या जिव्हारीं लागली. तिन्ही देशांचे तज्ज्ञ वरचेवर बसले, आणि १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनीं एकीकृत आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन अमेरिकेचा, ६० अंशांचा. व्हिटवर्थचा १०७ वर्षांचा अंमल कागदोपत्रीं तरी संपला. भारतानें १९५६ सालीं वजनमापांचा कायदा करून मीटरचा मार्ग धरला, आणि १९६५ सालीं ब्रिटिश मानक संस्थेनेंहि जुने आटे नव्या कामांत वापरूं नयेत असें जाहीर केलें.

श्रोतेहो, जाहीरनामा निघाला म्हणून लोखंडाचे बोल्ट नाहींसे होत नाहींत. ते गाड्यांतून निघाले आणि मिस्त्रीच्या पत्र्याच्या डब्यांत जाऊन पडले. दुरुस्तीच्या कोणत्याहि जुन्या दुकानांत असा एक डबा असतो. पाटे बदलतांना एखादा नट हरवला, कीं हात त्या डब्याकडे जातो, आणि तेथें मँचेस्टर, फिलाडेल्फिया व झुरिच एकमेकांच्या उरावर बसलेलीं असतात. पांच सुती बोल्टाची जाडी १५.८७५ मिलिमीटर, सोळा मिलिमीटरच्या बोल्टापेक्षां ती केवळ एक अष्टमांश मिलिमीटरनें कमी. डोळ्याला हा फरक दिसणें शक्य नाहीं. पांच सुतीच्या बारीक अमेरिकन आट्यांचें अंतर १.४११ मिलिमीटर, आणि सोळा मिलिमीटरच्या बारीक आट्याचें १.५. असा मीटरी नट त्या इंची बोल्टावर अलगद बसतो, दोन फेरे बोटांनीं फिरतो, चौथ्या-पांचव्या फेऱ्यास दोघांत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची तफावत पडते आणि नट धरतो. मिस्त्रीला वाटतें कीं गंज आहे. तो डिझेल सोडतो, पान्याला नळी लावतो, आणि नट चढवितो.

येथेंच खरा धोका आहे. पाना आवळला म्हणजे बोल्ट आवळला असें आपण समजतों. वस्तुतः बोल्ट आवळणें म्हणजे त्याला किंचित् ताणणें; रबरासारखा तो ताणला जातो आणि त्या ताणानेंच दोन वस्तु एकत्र राहतात. पान्याला लावलेल्या जोरापैकीं चांगल्या, स्वच्छ आट्यांतहि सुमारें नऊ दशांश भाग घर्षणांत जातो, निम्म्याच्या आसपास नटाच्या तळव्याखालीं आणि चार दशांश आट्यांत. बोल्ट ताणण्यास उरतो तो जेमतेम एक दशांश. आटे खरडलेले असले तर तो दशांशहि खाल्ला जातो. जोर मोजणारा महागडा पाना आणला तरी तो इमानानें खोटेंच सांगेल, कारण त्याला फक्त पिळण्याचा जोर कळतो, बोल्टाचा ताण कळत नाहीं. हाताला नट दगडासारखा घट्ट लागतो, आणि आंत यू-बोल्ट सैल असतो. पहिल्या पन्नास कोसांत पाटे बसतात, उरलासुरला ताण जातो. शिवाय नटाच्या सर्व आट्यांवर भार सारखा नसतो. तळाजवळचा पहिला आटाच सुमारें एक तृतीयांश भार घेतो. तेव्हां “दोनच आटे गेले आहेत, बाकीचे शाबूत आहेत” ही समजूत किती फसवी आहे, हें ते दोन कोणते यावरून ठरतें.

आट्यांचा नाश डब्यानेंच होतो असें मात्र नाहीं. चार महिने पाऊस, रस्त्याचा चिखल आणि खाडीची खारी हवा यांनीं भिवंडीकडच्या गाड्यांचे बोल्ट गंजून एकजीव होतात. असा नट एकदम उलटा ओढला कीं गंजाचे कण आट्यांत रवा दळावा तसे दळले जातात. जाणता मिस्त्री तारेच्या ब्रशानें उघडा भाग आधीं साफ करतो, तेल रात्रभर मुरूं देतो, आणि पाव फेरा सोडून अर्धा पाव पुन्हां आवळीत नट काढतो. वेळ लागतो, पण आटे वांचतात. दुसरें पाप हातोड्याचें. चाकाच्या गोळ्याचा खुंट त्याच्या निमुळत्या जागेंतून सुटेना, कीं उघड्या टोंकावर घाव घालतात. टोंक कुत्र्याच्या छत्रीसारखें पसरतें, आणि मग नट ना चढे ना उतरे. नट दोन आटे ठेवून तसाच राहूं द्यावा व ठोका बाजूच्या पोलादावर द्यावा, इतकी साधी गोष्ट आहे.

एकदां आटे गेल्यावर उपाय काय, याचाहि स्वतंत्र इतिहास आहे. किंचित् दुमडलेला आटा योग्य मापाची डाय फिरवून सरळ करतात. मात्र डाय दुमडलेलें पोलाद बहुधा कापूनच टाकते, आणि चुकीच्या घराण्याची डाय फिरविली तर उरलेंसुरलेंहि नेते. भोंकांतले आटे गेले तर मागवाल्यांची जुनी रीत अशी कीं, भोंक मोठें करून एक सूत जाड बोल्ट घालावयाचा, अथवा बाहेरून-आंतून आटे पाडलेली पितळी किंवा लोखंडी बुश बसवावयाची. मागाच्या ओतीव, जाडजूड अंगाला हें शोभतें, आणि याच कसबावर भिवंडीचे माग इतकीं वर्षें चालले, हें आदरानेंच सांगितलें पाहिजे. पुढें पोलादी तारेचें वेटोळें भोंकांत बसविण्याची युक्ति निघाली; महायुद्धांत विमानांच्या मऊ ॲल्युमिनियमच्या इंजिनांना तिचा मोठा आधार झाला, आणि ती आज मोटारींतहि वापरतात. नीट बसविलेलें वेटोळें मूळच्या आट्याइतकें, कधीं त्याहूनहि बळकट ठरतें.

परंतु मागाची रीत गाडीच्या बुडाशीं नेतांना विचार केला पाहिजे. मागाचा बोल्ट तुटला तर कापड थांबतें. आंसावरचें किंवा दांड्यावरचें भोंक एक सूत वाढविलें, तर तेवढी तेथली भिंत पातळ होते. आणि ती पुढें कोठें तडकेल हें कारागिराच्या हातीं उरत नाहीं. बिघडलेल्या यू-बोल्टावर नट वितळजोडानें चिकटवून टाकण्याची चाल तर सर्वथैव त्याज्य आहे, कारण उष्णतेनें त्या पोलादाला दिलेलें पाणीच उतरतें. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असे आंकडे असतात. पहिला आंकडा सांगतो कीं हें पोलाद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाहीं. दुसरा सांगतो कीं त्याच्या आठ दशांश ताणाला तें कायमचें लांबूं लागतें. आंच लागली कीं हे आंकडे केवळ नक्षी उरतात. एकदां पुरता ताणलेला यू-बोल्ट शाबूत दिसला तरी पुन्हां वापरूं नये, असें गाड्यांचे कारखानदारच सांगतात.

मिस्त्री हें जाणत नाहीं असें नाहीं. नवा बोल्ट फार महाग असतो असेंहि नाहीं. महाग असतो तो त्याच्यासाठीं थांबण्याचा वेळ. लॉरी गुदामाच्या दारांत माल घेऊन उभी, रात्रीं घाट ओलांडून सकाळीं नाशकास पोंचावयाचें, आणि नेमका त्या मापाचा बोल्ट दुकानांत नाहीं. चालक म्हणतो, “मिस्त्री, आजचा दिवस भागवा.” अशा वेळीं पत्र्याचा डबा पुढें येतो. दोष कोणाचा हें ठरविणें येथें सोपें नाहीं. पण लॉरी पुढें जाते आणि मिस्त्री मागें राहतो, हेंहि विसरतां येत नाहीं.

या डब्यावर एक स्वस्त उतारा आहे. आट्यांचें माप घेणारी दांतेरी पात्यांची जुडी हत्यारांच्या दुकानांत मिळते. एकेक पातें आट्यांत बसवून पाहावयाचें. जें बिनउजेड बसेल, त्यावर त्याचें अंतर कोरलेलें असतें. मात्र ५५ अंशांचीं व ६० अंशांचीं पातीं निराळीं असतात, आणि भिवंडीच्या दुकानदारानें दोन्ही जुड्या ठेवाव्यात. कारण व्हिटवर्थ अजून पुरता गेलेला नाहीं. मोटारींतून तो हद्दपार झाला. जुन्या मागांत तो आहेच, आणि पाण्याच्या नळाच्या पाइपाला जे आटे असतात ते मीटरच्या देशांतहि आजतागायत ५५ अंशांचेच पाडले जातात.